एकांताची शिदोरी

देहूहून भंडाऱ्याचा डोंगर पाच-सहा किलोमीटरवर आहे. आज वरपर्यंत गाडी जाते. सतराव्या शतकात ती काट्याकुट्यांची पायवाट होती. तुकोबा या डोंगरावर एकांताला जाऊन बसत आणि त्यांची बायको जिजाई फडक्यात भाकरी बांधून त्यांच्यामागे डोंगर चढे. एकदा तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला खुद्द विठ्ठल आला, ही कथा कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती ऐकताना माझं मन देवाच्या आधी त्या फडक्यातल्या भाकरीकडे जातं. धंदा बुडालेला, घरात पोरं, कणगीत दाणा नाही. त्यातून पीठ मिळवायचं, भाकऱ्या थापायच्या, पोरांच्या तोंडात चार घास घालायचे आणि उरलेलं बांधून डोंगराची वाट धरायची. जिजाईला कजाग म्हणून रंगवायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मला तो तिच्यावरचा अन्याय वाटतो. तुकोबांचा एकांत तिच्या पायांवर उभा होता.

जगापासून लांब जाऊन राहणाऱ्या माणसांविषयी वाचायला लागले, तेव्हा ‘ही माणसं गेली का?’ या प्रश्नाची उत्तरं ढिगानं सापडली. कुणी देवासाठी गेलं, कुणी राजसत्तेच्या छळापायी, कुणाला माणसांचा सहवासच सोसेना. पण तिथे त्यांच्या जेवणाचं काय, हे मात्र पुस्तकाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात, एखाद्या ओळीत दडलेलं असतं. मी त्या ओळी वेचत गेले.

पहिली ओळ सापडली ती इजिप्तमध्ये. ख्रिस्ती जगात एकांतवासी साधूंची परंपरा ज्याच्यापासून मोजतात तो संत अँथनी तिसऱ्या शतकातला. वडिलोपार्जित जमीन त्यानं वाटून टाकली, गावाबाहेर राहिला, मग थडग्यांत राहिला आणि शेवटी नाईल ओलांडून एका ओसाड गढीत शिरून त्यानं दार लावून घेतलं. तिथे तो जवळजवळ वीस वर्षं होता. त्याचं चरित्र अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस यानं लिहिलं. त्यात अँथनीला छळणाऱ्या सैतानांची वर्णनं पानोपानी आहेत. पण त्याच चरित्रात एक साधी नोंदही आहे : आत जाताना त्यानं सहा महिन्यांच्या रोट्या बरोबर नेल्या होत्या आणि पुढे वर्षातून दोनदा लोक छपरावरून त्याला रोट्या सोडत. त्या भागात वर्षभर टिकतील अशा रोट्या करायची पद्धत होती, हेही अथनेशियस सांगतो. म्हणजे वीस वर्षांत चाळीसेक वेळा कुणीतरी त्या रोट्या भाजल्या, वाळवल्या, वाळवंटातून वाहून नेल्या, छपरावर चढून खाली सोडल्या आणि ज्याच्यासाठी हे सारं केलं त्याचं तोंडही न बघता माघारी फिरलं. त्या माणसांची नावं चरित्रात नाहीत.

अँथनीला मात्र याची जाणीव होती. पुढे तो तांबड्या समुद्राकडच्या एका डोंगराच्या पायथ्याशी राहायला गेला. तिथे लोक भाकरी घेऊन येऊ लागले, तेव्हा इतक्या लांब आपल्यापायी त्यांना यातायात नको, म्हणून त्यानं कुदळ, कुऱ्हाड आणि थोडं बियाणं मागवलं. झऱ्याकाठचा तुकडा नांगरटीला आणून आपल्यापुरतं धान्य पिकवलं. त्याच्या दर्शनाला माणसं येतच राहिली. मग त्यानं शेजारी थोडी भाजी लावली. ती त्याच्यासाठी नव्हती. इतकी अवघड वाट तुडवून येणाऱ्याच्या पानात काहीतरी पडावं, म्हणून होती. अँथनीच्या आयुष्यातल्या सगळ्या सैतानांपेक्षा मला हा भाजीचा वाफा जास्त लक्षात राहिला आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तर एकांत भर गावात बांधला जाई. चर्चच्या भिंतीला चिकटून एक खोली. बाई किंवा पुरुष एकदा तिच्यात गेला की मरेपर्यंत बाहेर यायचं नाही. आत जाताना त्या व्यक्तीवर जवळपास अंत्यविधीसारखेच संस्कार होत, कारण जगाच्या लेखी ती संपलेली असे. खोलीला सहसा खिडक्या तीन. एक चर्चच्या आत उघडणारी, प्रार्थना बघायला. दुसरी लोकांशी बोलण्यासाठी, तिच्यावर पांढरा क्रूस असलेला काळा पडदा. तिसरी चाकरमाणसाच्या बाजूची. तिच्यातून ताट आत यायचं आणि घाण बाहेर जायची.

अशा बायकांसाठी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेलं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, ‘आंक्रेन विसे’ नावाचं. मांजराखेरीज कुठलंही जनावर पाळू नये, असा नियम त्यात आहे. गाय पाळली की तिच्या चाऱ्याची चिंता आली, ती कुणाच्या शेतात शिरली की भांडण आलं, मग कसला एकांत! त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात मोलकरणींविषयी सूचना आहेत. दोघी असाव्यात : एक कायम घरात राहणारी, दुसरी गरज पडेल तेव्हा बाहेर जाणारी. बाहेर जाणारीनं वाटेत प्रार्थना म्हणत जावं, कुणाशी गप्पा मारत थांबू नये, इकडच्या बातम्या तिकडे नेऊ नयेत. आतल्या बाईनं मौन पाळायचं, तर बाजारात जाणारीनंही निम्मं मौन पाळायचं.

अशा खोलीत राहिलेली सगळ्यांत प्रसिद्ध बाई म्हणजे नॉरिचची ज्युलियन. १३७३ च्या मे महिन्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, मरणाच्या दारात असताना तिला ख्रिस्ताची दर्शनं झाली. त्यांवर तिनं लिहिलेलं पुस्तक हे इंग्रजीत बाईनं लिहिलेलं, आज उपलब्ध असलेलं पहिलं पुस्तक मानतात. तिच्या आयुष्याबद्दल फार थोडी माहिती आहे. ‘ज्युलियन’ हे तिचं मूळ नाव की ती राहिली त्या चर्चचं, हेही सांगता येत नाही. जी थोडी पक्की माहिती आहे ती लोकांच्या मृत्युपत्रांतून आलेली. १४०४ सालच्या एका मृत्युपत्रात ज्युलियनला १२ पेन्स आणि तिच्यासोबत राहणाऱ्या साराला ८ पेन्स ठेवलेले आहेत. १४१५ सालच्या दुसऱ्या एका मृत्युपत्रात तिला ४० पेन्स, तिच्या तेव्हाच्या मोलकरणीला १२ पेन्स आणि आधीच्या मोलकरणीला, ॲलिसला, १२ पेन्स.

चाकरी सोडून गेलेल्या ॲलिसचीसुद्धा आठवण कुणीतरी मरताना ठेवली. त्या गावातल्या माणसाला ती खिडकी आणि त्या खिडकीशी रोज येणारी बाई वेगवेगळी दिसत नसणार. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतले शिलालेख हीच गोष्ट दगडात सांगतात. कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी तिथे पाण्याची टाकी खोदून दिली, भिक्खूंच्या चीवरांसाठी आणि पादत्राणांसाठी पैसे लावून दिले. डोंगरात राहणाऱ्याच्या अंगावरचं वस्त्र आणि पायातली वहाण बंदरावरच्या बाजारातून येत होती.

शिदोरी आणणारं कुणीच नसेल तर काय होतं, हे बघायचं तर सायबेरियात जावं लागतं.

१९७८ च्या उन्हाळ्यात दक्षिण सायबेरियात, अबाकान नदीच्या वरच्या अंगाला, एक हेलिकॉप्टर भूगर्भशास्त्रज्ञांच्या तुकडीसाठी उतरायला जागा शोधत होतं. खाली नुसतं तैगा, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं अफाट जंगल. सगळ्यांत जवळची मनुष्यवस्ती अडीचशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी वैमानिकाला डोंगराच्या चढावर मोकळी केलेली जमीन आणि तिच्यात सऱ्या ओढलेल्या दिसल्या. शेत होतं, म्हणजे माणसं होती. गालिना पिस्मेन्स्काया ही त्या तुकडीची प्रमुख. ती आणि तिचे सोबती भेटवस्तू घेऊन चढ चढून गेले, तेव्हा काजळीनं काळ्या झालेल्या झोपडीतून एक म्हातारा बाहेर आला. अनवाणी, अंगात ठिगळांवर ठिगळं लावलेला गोणपाटासारखा सदरा. त्याचं नाव कार्प लिकोव्ह. आत एकच अंधारी खोली, जमिनीवर बटाट्याच्या साली आणि पाइनच्या बियांची टरफलं, आणि घाबरून प्रार्थना करणाऱ्या दोन मुली. दोन मुलगे थोड्या अंतरावर वेगळ्या झोपडीत राहत होते.

लिकोव्ह कुटुंब ‘जुन्या श्रद्धे’चं. सतराव्या शतकाच्या मध्याला पॅट्रिआर्क निकॉननं रशियन चर्चच्या विधींत बदल केले. क्रुसाची खूण दोन बोटांनी करत ती तीन बोटांनी करायची, हा त्यातला एक. ज्यांनी ते मानलं नाही त्यांचा छळ झाला आणि ती माणसं पिढी-दरपिढी अधिकाधिक आत जंगलात सरकत गेली. दाढीवर कर बसवणाऱ्या पीटर द ग्रेट या झारविषयी कार्प असा बोलायचा की जणू त्याचं आणि पीटरचं कालपरवाच वाजलं आहे. मग बोल्शेविक आले. १९३६ साली गस्तीवरच्या शिपायांनी कार्पच्या भावाला गोळी घातली, तेव्हा कार्प त्याच्या शेजारीच काम करत होता. त्यानं बायको अकुलिना, नऊ वर्षांचा मुलगा साविन आणि दोन वर्षांची मुलगी नताल्या यांना घेतलं, थोडं बियाणं, चरखा, हातमागाचे सुटे भाग आणि दोन-एक किटल्या घेतल्या आणि रान गाठलं. दमित्री आणि अगाफ्या ही दोन मुलं रानातच जन्मली. आईबाप आणि भावंडं सोडून दुसरा माणूस त्यांनी जवळपास पाहिलाच नव्हता.

किटल्या गंजून फुटल्या तेव्हा बर्चच्या सालीची भांडी आली. ती चुलीवर कशी ठेवणार? कपडे फाटले तेव्हा भांगेच्या झाडाचा वाख काढून, कातून, विणून नवे केले. खाणं म्हणजे बटाट्याचे थापे, त्यात भांगेचं बी आणि राय या गव्हासारख्या धान्याचं थोडं पीठ. मीठ नाही. कार्पनं पुढे सांगितलं की बाकी सगळं सोसलं, बिनमिठाचं जगणं मात्र फार जड गेलं. पाहुण्यांनी आणलेल्या वस्तूंतली पहिल्यांदा त्यांनी घेतली ती एकच : मीठ. पाव पुढे केला तेव्हा त्यांनी धर्मात बसत नाही म्हणून नाकारला. पाव कधी खाल्लाय का, असं विचारल्यावर कार्प म्हणाला की मी खाल्लाय, यांनी बघितलासुद्धा नाही. मोठी मुलगी तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती.

अकुलिना त्याआधीच, १९६१ साली गेली होती. अवेळी बर्फ पडून मळ्यातलं सारं पीक मेलं, त्यानंतरचे ते दिवस. घरात कातड्याची पायताणं उकडून खाल्ली, झाडांच्या साली खाल्ल्या. अकुलिनानं आपल्या वाटचं पोरांना दिलं आणि ती भुकेनं मेली. वाचताना मला तुकोबांची पहिली बायको रखमाई आठवली. दुष्काळात तीही अशीच अन्नावाचून गेली होती.

त्या वर्षी वाटाण्याच्या वाफ्यात रायचं एक रोप उगवून आलं. एकच. लिकोव्हांनी त्याच्याभोवती कुंपण केलं आणि रात्रंदिवस पाळी लावून त्याची राखण केली. उंदीर येऊ नये, खार येऊ नये, पाखरू बसू नये. कणीस भरलं, वाळलं, चोळलं. अठरा दाणे निघाले. तळहातावर मावतील इतके दाणे, आणि पोटात भूक असताना त्यातला एकही दाणा तोंडात टाकायचा नाही. ते पेरले, आलेलं पुन्हा पेरलं, आणि असं करत काही वर्षांनी घरात पुन्हा धान्य झालं. आपल्या शेजाऱ्याच्या घरून मूठभर बियाणं मागून आणणं, ही खेड्यातली किती साधी गोष्ट! त्या एका गोष्टीची किंमत अठरा दाण्यांवरून कळते.

कार्पच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण हा एकांत त्यानं निवडला होता, पोरांनी नाही, हे विसरता येत नाही. १९८१ च्या शरदात काही आठवड्यांच्या अंतरानं साविन, नताल्या आणि दमित्री गेले. साविन आणि नताल्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती, दमित्रीला न्यूमोनिया झाला होता. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर मागवतो, असं भूगर्भशास्त्रज्ञ विनवत होते. त्यानं नको म्हटलं. पुढे वसिली पेस्कोव्ह या पत्रकारानं ‘कोम्सोमोल्स्काया प्रावदा’ दैनिकात लिहिल्यावर साऱ्या सोव्हिएत देशाला हे कुटुंब माहीत झालं, तोवर झोपडीत फक्त बाप आणि धाकटी मुलगी उरली होती.

एकांताची शिदोरी चोरून आणणाराही एक होऊन गेला. अमेरिकेच्या मेन राज्यात ख्रिस्तोफर नाइट १९८६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, गाडी सोडून रानात शिरला आणि २७ वर्षं कुणाशी बोलला नाही. अपवाद वाटेत समोर आलेल्या एका माणसाला म्हटलेल्या एका शब्दाचा. धूर दिसेल म्हणून मेनच्या हिवाळ्यातही त्यानं कधी शेकोटी पेटवली नाही. पण तळ्याकाठच्या बंगल्यांतून तो डबाबंद खाणं, गॅसचे सिलिंडर, पुस्तकं, बॅटऱ्या उचलत राहिला. हजारेक चोऱ्या. २०१३ साली अपंग मुलांच्या शिबिराच्या स्वयंपाकघरात तो सापडला. त्याचं नवल करणारे लोक खूप आहेत. मला त्या बंगल्यांतल्या माणसांचं वाटतं. कित्येक वर्षं रात्री झोपताना त्यांना कडी लावली की नाही ते तपासावं लागलं. न विचारता दुसऱ्याच्या फळीवरून घेतलेल्या घासावर हा एकांत पोसला गेला.

याच्या अगदी उलट रीत लाहौलमध्ये बघायला मिळते. लंडनमध्ये वाढलेली डायान पेरी १९६४ साली बोटीनं भारतात आली, बौद्ध भिक्षुणी झाली आणि तेन्झिन पाल्मो या नावानं ओळखली जाऊ लागली. १९७६ ते १९८८ अशी बारा वर्षं ती लाहौलच्या डोंगरात १३,२०० फुटांवरच्या एका गुहेत राहिली. गुहा म्हणजे कड्याखालची कपार, सहा फूट खोल आणि दहा फूट रुंद. पुढची दगडामातीची भिंत, दार, खिडकी हे सगळं गावकऱ्यांच्या मदतीनं उभं राहिलं. आत एक चौकोनी लाकडी पेटी. तिच्यात बसून ध्यान करायचं, तिच्यातच बसल्या बसल्या झोपायचं. दुपारी एकदाच जेवण : भात, डाळ, भाजी. एवढ्या उंचीवर डाळ तासन्‌तास शिजत नाही, म्हणून तिच्याकडे एक प्रेशर कुकर होता. साऱ्या गुहेतली तेवढी एकच चैन, असं ती सांगते. गुहेपुढच्या तुकड्यात ती बटाटे आणि सलगम लावायची. बाकी डाळ-तांदूळ, पीठ, रॉकेल उन्हाळ्यात खालच्या गावातून यायचं, कारण पुढचे सहा-आठ महिने बर्फानं वाट बंद.

शेवटची तीन वर्षं तिनं कुणालाही भेटायचं नाही असं ठरवलं होतं. त्या काळात सामान आणणारा माणूस ठरल्या वेळी यायचा. एकदा तो आलाच नाही. उरलेलं पुरवून पुरवून खाताना ती अगदी अस्थिपंजर झाली. तरी त्या माणसाबद्दल तिच्या बोलण्यात राग नाही, त्याचीही काही अडचण असेल एवढंच. १९७९ च्या मार्चमध्ये लाहौलवर भयंकर हिमवादळ कोसळलं, कड्यांवरून बर्फ सुटून कित्येक माणसं दगावली. तिची गुहा पार गाडली गेली. भांड्याच्या झाकणानं बर्फ उकरत ती बाहेर आली. खाली गावात तिला मेली समजून लोकांनी तिच्यासाठीचे मृत्यूचे विधीही उरकले होते. स्वतःवर संकट कोसळलेलं असताना त्यांना वर गुहेत राहणारी बाई आठवली, याला काय म्हणावं! १९८८ साली एक पोलीस व्हिसा संपल्याची नोटीस घेऊन दार ठोठावत आला आणि तो एकांत मोडला. पुढे तिनं कांगड्याजवळ भिक्षुणींसाठी मठ उभारला. गुहेतून आणलेलं तिनं तिथे वाटायला काढलं.

आता पुन्हा अबाकानच्या काठी जाऊ. १६ फेब्रुवारी १९८८ ला, बायको गेली त्याच तारखेला, कार्प झोपेतच गेला. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला पुरायला मदत केली आणि अगाफ्याला विचारलं की आमच्याबरोबर येतेस का? तिचे नातेवाईक होते, ती त्यांच्याकडे जाऊनही आली होती. पुढे एका मठातही राहून आली. बाहेरची हवा आणि पाणी बाधतं म्हणाली आणि परत रानात गेली. एकांत निवडला असं खऱ्या अर्थानं म्हणता येईल ते तिथून पुढे. बापानं नेलं म्हणून ती तिथे जन्मली होती, पण राहिली ती स्वतःच्या मतानं.

तेव्हापासून आजवर तिची शिदोरी आकाशातून येते. हेलिकॉप्टर पिठाची पोती, मीठ, बकऱ्यांसाठी चारा उतरवून जातं. पाकिटावर बारकोड असला तर ती त्याला हात लावत नाही, तिच्या लेखी ती ख्रिस्तविरोध्याची खूण. म्हणून ओळखीची माणसं आधीच धान्य साध्या पोत्यात भरून आणतात. आणि आलेल्याला ती रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. बटाटे देते, पाइनच्या बिया देते. तिच्या बापाच्या वेळेपासूनची ही रीत आहे.

१९९७ मध्ये तिला एक शेजारी मिळाला. येरोफेई सेदोव्ह, खनिज-शोधाच्या तुकडीत काम केलेला माणूस. या कुटुंबाशी त्याची जुनी ओळख. म्हातारपणी एक पाय कापावा लागल्यावर तो तिच्या झोपडीच्या थोडं खाली, हाकेच्या अंतरावर खोपट बांधून राहिला. तिला सोबत होईल, लाकडं फोडून देता येतील, असा विचार होता. पण एका पायावर बर्फात कुऱ्हाड चालवायची कशी? त्यांचं नेहमीच पटायचं असंही नाही, कधी कधी त्यांच्यात अबोला असायचा. २०१५ मध्ये तो गेला, तोपर्यंतची शेवटची वर्षं लाकडं अगाफ्याच फोडायची. आपली कामं उरकायची, बकऱ्यांना चारा टाकायची, डोक्याला फडकं घट्ट बांधायची आणि सत्तरीला टेकलेली ती बाई त्याचं सरपण आणि पाणी घेऊन उतार उतरायची.